‘तोफ तयार झाली’ एवढ्या एका ओळीत?

सईच्या बाराव्या वाढदिवसाला आणलेल्या पुस्तकांबद्दल लिहितोय. तीन विकत घेतली (त्यातलं एक दोनदा), चौथं कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून आणलं. चारही जुनी, चारही अंतराळाची. चांद्रयान-३ उतरलं त्या दिवशी, २३ ऑगस्ट २०२३ ला, ही पोरगी शाळेच्या हॉलमध्ये ओरडून ओरडून घसा बसवून घरी आली, आणि तेव्हापासून आमच्या घरात चंद्र सोडून दुसरं बोलणं नाही. सई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. मला तात्या म्हणते. घर एकत्र आहे, त्यामुळं पुस्तक तिला दिलं तरी रात्री जेवणानंतर वाचायला मलाच बसावं लागतं.

पहिल्या पुस्तकाचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी तेच.

ज्यूल व्हर्नच्या चंद्राच्या कादंबरीची (‘फ्रॉम द अर्थ टू द मून’) ‘मुलांसाठी संक्षिप्त’ मराठी आवृत्ती. ऑनलाइन मागवली. १३० रुपये, ९६ पानं, गुळगुळीत कव्हर. कोणाची ते लिहीत नाही. कव्हरवर कल्ले असलेलं रॉकेट, बुडाखाली जाळ, आणि खिडकीतून हात हलवणारा अंतराळवीर. आता या कादंबरीत माणसं अशा रॉकेटातून जातच नाहीत, तोफेच्या गोळ्यात बसून जातात, हे कव्हर काढणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तेही चाललं असतं. पान ३१ वर मात्र मी थांबलो. तिथं वाक्य आहे: ‘मग सर्वांनी खूप मेहनत केली आणि तोफ तयार झाली.’ पान ३२ वर तोफेत दारू भरायला सुरुवात.

मी पान मागं-पुढं करून बघितलं. चिकटलं असेल म्हणून नखानं उचकटून बघितलं. नाही. तोफ तयार झाली होती.

माझं पोट लोखंडावर आहे. शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, पाचशे किलोची विजेवरची इंडक्शन भट्टी, महिन्याला साठेक टन माल. वडिलांनी उद्यमनगरात क्युपोलावर, म्हणजे कोकवरच्या उभ्या भट्टीवर, सुरुवात केली होती. आमच्याकडं पंपाची साडेचार किलोची बॉडीसुद्धा ‘तयार होत’ नाही. पॅटर्न, वाळू, कोअर (माल आतून पोकळ राहावा म्हणून मध्ये ठेवायचा गाभा), पेटी, पोरिंग म्हणजे ओतणं, फेटलिंग म्हणजे साफसफाई, आणि एवढं करून मशीनशॉपला गेल्यावर पहिल्याच कटला आत गॅसचं ब्लो होल निघालं की माल परत आमच्या दारात. त्यामुळं नऊशे फुटांची ओतीव तोफ एका ओळीत झालेली बघून मला काय वाटलं असेल, ते या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

व्हर्नला मी लहानपणापासून ओळखतो. भा. रा. भागवतांनी त्याला मराठीत आणलं, आणि आमच्या पिढीतली निम्मी पोरं त्या पुस्तकांच्या जोरावर चंद्रावर, समुद्राखाली आणि पाताळात जाऊन आली. म्हणून हा माणूस ‘मेहनत केली’ लिहून मोकळा होणारा नाही, एवढी खात्री होती. मग पुस्तकांच्या एका प्रदर्शनातून अख्खी इंग्रजी प्रत मिळवली, दोन्ही भाग एकत्र, २२० रुपयांना. रात्री मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं आणि सईनं ऐकायचं, असा कार्यक्रम सुरू झाला.

पहिला भाग १८६५ चा. त्यात २८ प्रकरणं आहेत. गोळा किती मोठा, यावर एक प्रकरण. तोफ किती लांब, यावर एक. दारू किती, यावर एक. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यामुळं तोफा बनवणाऱ्यांचा एक क्लब बेकार झालाय, त्याचा अध्यक्ष बार्बिकेन म्हणतो की चंद्रावरच गोळा मारू, आणि मग ही सगळी मंडळी मीटिंग घेत बसतात. आमच्या असोसिएशनच्या मीटिंगपेक्षा बरी चालते, कारण प्रत्येक मीटिंगमधून एक आकडा बाहेर पडतो. तोफ नऊशे फूट लांब, आतला व्यास नऊ फूट, भिंत सहा फूट जाड. साधी दारू सोळा लाख पौंड लागेल, पण मग अर्धी तोफ दारूनंच भरणार आणि गोळ्याला वेग घ्यायला जागा उरणार नाही. म्हणून गनकॉटन, म्हणजे कापसापासून केलेली जोरकस दारू, घ्यायचं, चार लाख पौंड. गोळा अ‍ॅल्युमिनियमचा, १९,२५० पौंडांचा. त्या काळात अ‍ॅल्युमिनियम म्हणजे श्रीमंतांचा धातू. विजेनं स्वस्तात काढायची रीत १८८६ ला निघाली. व्हर्न पौंडाला नऊ डॉलर दर लावतो आणि गोळ्याची किंमत काढतो, १,७३,२५० डॉलर. सईनं गुणाकार करून बघितला. बरोबर आला. पोरीला कादंबरीतला हिशेब तपासता येतो, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि नंतर मला एकही आकडा तिनं सुखानं वाचू दिला नाही.

जागा कुठली, यावरूनही धमाल आहे. चंद्र डोक्यावर यायला हवा, म्हणजे विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आत. अमेरिकेत तशी जागा टेक्सास आणि फ्लॉरिडा या दोनच राज्यांत. दोघांत जुंपते. आमच्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत कुठली तालीम पुढं, यावरून जुंपते तशीच. टेक्सासमधली शहरं अकरा, फ्लॉरिडातलं एक. बार्बिकेन म्हणतो, टेक्सास दिलं तर ती अकरा आपसांत भांडतील, त्यापेक्षा फ्लॉरिडा घेऊ. ही कमिटी चालवलेल्या माणसाची अक्कल आहे.

आता पंधरावं प्रकरण. संक्षिप्त आवृत्तीत जे गायब झालं ते हेच.

त्या आठवड्यात भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, बदलायचं काम निघालं होतं, पोरिंग दोन दिवस बंद. दुपारी डबे खाऊन माणसं सावलीला बसली होती. सईला सुट्टी होती म्हणून ती बरोबर आली होती. तीच म्हणाली, ‘तात्या, ते भट्ट्यांचं इथं वाचा की.’ वाचलं. समोर सदामामा. सदामामा वडिलांच्या वेळचे मोल्डर, म्हणजे साचे करणारे, वय सत्तरीला टेकलेलं, अजून वाळू मुठीत दाबून ओलावा सांगतात. मला आजही ‘धाकलं मालक’च म्हणतात.

व्हर्नची रीत अशी. तोफ जमिनीतच ओतायची. नऊशे फूट खोल खड्डा, कडेनं दगडी बांधकाम. आमच्या गावाकडची विहीर साठ फुटांची. तशा पंधरा विहिरी एकीखाली एक. मधोमध कोअर उभी करायची. तिच्याभोवती जी पोकळी राहील तिच्यात लोखंड सोडायचं. खड्ड्यापासून सहाशे यार्डांवर गोल रिंगण करून बाराशे भट्ट्या. लोखंड ६८,०४० टन. हे अमेरिकन टन, आपले सुमारे ६१,७०० धरा. भट्टीला ५१ टन पडले. माझी फौंड्री याच कामाला लावली तर ८५ वर्षं लागतील, आणि तोपर्यंत पहिल्या दिवशीचा माल थंड होऊन गंजून जाईल.

‘बाराशे?’ सदामामांनी विचारलं. ‘आनि एका टायमाला तोंडं उघडायची?’

‘एका टायमाला. तोफ उडवून इशारा देतात.’

‘एक जरी भट्टी मागं राहिली तर कोल्ड शट बसंल की वो. जॉइंटच धरायचा न्हाई.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘कोअर कशाची केल्या?’

वाचून सांगितलं: चिकणमाती आणि वाळू, त्यात गवत आणि काड कालवलेलं, वर लोखंडी पट्ट्या आवळलेल्या.

सदामामांचा चेहरा बदलला. ‘गवात घाटलंय? मग माणसाला कळतंय. गवात जळून जातंय, तिथनं ग्यास भाईर पडतोय. तुमचं वडील घोड्याची लीद घालायचं. ह्यो फौंड्रीत काम केलेला दिसतोय.’

सांगितलं की हा पुस्तकं लिहिणारा, फ्रान्सचा, दीडशे वर्षांपूर्वीचा. सदामामांचा विश्वास बसला नाही. ‘न्हाई, न्हाई. बसून बघितलंय त्येनं.’ आणि लगेच पुढचा प्रश्न, ‘श्रिंकेज किती धरलंय?’

व्हर्ननं ते लिहिलेलं नाही. सदामामांनी बोटांवरच काढलं. बिडाला फुटामागं एक सूत. नऊशे फुटाला नऊशे सूत. सईला सूत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. इंचाचा आठवा भाग, म्हणून मी सांगितलं, आणि तिनं वहीत भागाकार केला: नऊ फूट साडेचार इंच. नऊशे फुटांची तोफ थंड होता होता दीड माणसाच्या उंचीहून जास्त आखडणार, नाहीतर मध्ये कुठंतरी फाटणार. बार्बिकेननं याचा विचार केला होता का, यावर अर्धा तास चर्चा झाली. लायनिंगचं काम तेवढं मागं पडलं, ते असो.

घरी येऊन मी वजन ताडून बघितलं. बाहेरचा व्यास २१ फूट, आतला ९, लांबी ९००, बिडाची घनता ७.२ धरली, तर ५२ हजार टन येतात. व्हर्ननं पावणेदहा हजारांच्या आसपास टन जास्त मागवलेत. तळाची जाडी आणि वरचा रायझर (आखडताना भर पडावी म्हणून ओतायचं जादा लोखंड) धरला तर असं कोटेशन मीही दिलं असतं.

ओतून झाल्यावर तर आणखी मजा. तोफ कित्येक आठवडे थंडच होत नाही. जवळ जाता येत नाही, पायाखालची जमीन पोळते, आणि सगळे जण हात चोळत लांब उभे. कास्टिंग उघडायची घाई काय असते ते फौंड्रीवाल्याला विचारा. गरम पेटी फोडून क्रॅक पडलेला माल मी पण केलाय. शेवटी कोअर खोदून काढतात, आतून बोअर करून गुळगुळीत करतात, आणि मग क्लबची मंडळी पाळण्यात बसून तळाशी उतरतात आणि नऊशे फूट खाली तोफेच्या बुडात टेबल मांडून जेवतात. पहिली ऑर्डर डिस्पॅच झाली की आम्ही मटणाचा बेत करतो. हे त्याचंच मोठं भावंड. बाहेरच्या लोकांनाही आत उतरून बघायला देतात, माणशी पाच डॉलर.

हे सगळं काढून टाकलं आणि काय ठेवलं, तर ‘खूप मेहनत केली’.

मुलांना कंटाळा येईल, असं छापणाऱ्यांना वाटत असावं. सईला कंटाळा कुठं आला सांगू? पहिल्या दोन प्रकरणांत. तिथं क्लबचे मेंबर आपापले युद्धात तुटलेले हातपाय मोजत असतात आणि आता लढाई नाही म्हणून हळहळतात. व्हर्न त्यांची टिंगल करतोय हे मोठ्यांना कळतं. तिला ती माणसं नुसती वाईट वाटली. तिथून तिला उचलून पुढं नेलं. आणखी एक तक्रार तिची तिनं मांडली: ‘यात एकपण मुलगी नाही?’ नाही. दोन्ही भागांत, कामाची म्हणावी अशी, एकही नाही. दोन कुत्री आहेत, त्यातली एक मादी. सई म्हणाली, ‘वा.’

चुका सांगायलाच हव्यात. सगळ्यात मोठी चूक सुरुवातीच्या धक्क्याची. वेग सेकंदाला बारा हजार यार्ड, म्हणजे ११ किलोमीटर. एवढा वेग २७४ मीटरच्या नळीत गाठायचा तर त्याला सेकंदाचा विसावा भाग मिळतो. आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साडेबावीस हजार पट दाब. साठ किलोचा माणूस त्या क्षणी साडेतेराशे टनांचा. सईनं विचारलं, ‘मग त्यांचं काय होणार?’ मी म्हटलं, ‘चटणी.’ व्हर्ननं खाली तीन फूट पाण्याची गादी आणि फुटणारे पडदे दिलेत, पण या धक्क्यापुढं त्या गादीचा उपयोग पायपुसण्याएवढा. दुसरी चूक, वजन फक्त एका ठिकाणी, पृथ्वी आणि चंद्राची ओढ सारखी होते तिथंच, नाहीसं होतं असं तो सांगतो. खरं म्हणजे तोफेतून सुटल्यावर सगळा प्रवासच तरंगत व्हायला हवा. आणि मेलेला कुत्रा खिडकी झटकन उघडून बाहेर टाकतात, हवा थोडीच जाते म्हणे! पण तो कुत्रा पुढं काय करतो ते बघा. तो मागं पडत नाही. गोळ्याच्या बरोबरीनं, खिडकीबाहेर, तसाच चालत राहतो. तिथं ढकलायला वारा नाही, अडवायला काही नाही. जडत्वाचा नियम सईच्या पुस्तकात तीन ओळींत आहे, तिला तो पाठ होता. कळला त्या कुत्र्यामुळं. रात्री तिनं मला दोनदा विचारलं, ‘अजून बरोबर असेल का हो तो?’

दुसऱ्या भागात ही माणसं चंद्रावर उतरतच नाहीत. वळसा घालून परत येतात, पॅसिफिकमध्ये पडतात, आणि शोधायला आलेले लोक गोळ्याच्या खिडकीतून बघतात तर तिघं आत बसून डोमिनो खेळतायत. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ ची तीन माणसं फ्लॉरिडातूनच निघाली, चंद्राभोवती फिरली, न उतरता परत आली आणि पॅसिफिकमध्येच पडली. आता माझ्या १३० रुपयांच्या आवृत्तीचा शेवट ऐका. त्यात तिघं चंद्रावर उतरून झेंडा रोवतात. मी पुस्तक मिटवून कपाटावर टाकलं.

तेव्हा व्हर्न घेणार असाल तर आधी अनुक्रमणिका उघडा. पहिल्या भागाला २८ प्रकरणं आहेत का, आणि पंधराव्यात ओतकाम आहे का, एवढं बघा. इंग्रजी घेतानाही बघा. व्हर्नच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांतही काटछाट भरपूर झालेली आहे.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्सची चंद्रावरची कादंबरी, ‘द फर्स्ट मेन इन द मून’, १९०१ ची, मला १५० रुपयांना मिळाली. ती लवकर आटोपतो. यात केव्हर नावाचा शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ शोधतो, काचेच्या आणि पोलादाच्या गोलाला त्याचे पडदे लावतो, पडदा उघडला की त्या बाजूची ओढ लागते. दुकानाचं शटर वर-खाली केल्यासारखं चंद्रावर जायचं. असा पदार्थ नाही. व्हर्नलाही हे पटलं नव्हतं. मी भौतिकशास्त्र वापरतो आणि वेल्स मनानं धातू शोधून काढतो, दाखवा म्हणावं तो धातू, अशा अर्थाचं तो बोलला होता. मीही व्हर्नच्या बाजूचा. पण एक जागा अशी आहे की मी वाचता वाचता उठून बसलो. हा पदार्थ पहिल्यांदा तयार कसा होतो? केव्हरचे तीन गडी. भट्टीत कोळसा कुणी घालायचा यावरून तिघांत वाद. एकाचं म्हणणं, कोळसा म्हणजे खणून काढलेली माती, तेव्हा ते माळ्याचं काम. माळी म्हणतो, तो धातूसारखा, माझा संबंध नाही. तिसरा म्हणतो, कोळसा म्हणजे जुनं लाकूड, तेव्हा सुतारानं घालावा. शेवटी कुणीच घालत नाही, भट्टी निवते, आणि नको त्या वेळी पदार्थ तयार होऊन घराचं छप्पर उडतं. एवढं खरं शॉपफ्लोअर मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेलं नाही. माझ्याकडं परवाच स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, कुणी काढायचा यावरून असंच झालं, फक्त छप्पर जाग्यावर राहिलं. चंद्राच्या पोटात राहणारी मुंग्यांसारखी माणसं, त्यांची जनावरं, हे सगळं सईला भयंकर आवडलं. शेवट अंगावर येणारा आहे. दहाच्या आतल्या मुलाला रात्री देऊ नका.

तिसरं अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइनचं ‘हॅव स्पेस सूट, विल ट्रॅव्हल’, १९५८ चं, इंग्रजीत, ४५० रुपये. सगळ्यात महाग, आणि सईनं आपली आपण वाचलेलं एवढं एकच. डिक्शनरी मांडीवर घेऊन महिनाभर. यातला किप हा छोट्या गावातला मुलगा. साबणाच्या कंपनीच्या घोषवाक्य स्पर्धेत पहिलं बक्षीस चंद्राची सहल. ती हुकते आणि मिळतो काय तर एक जुना, वापरलेला स्पेससूट. तो परत केला तर रोख पैसे मिळणार असतात. किप तो ठेवतो, पूर्ण उन्हाळा त्याच्यावर घालवतो, एकेक गळती शोधून बुजवतो, सूटला नाव ठेवतो ऑस्कर. आमच्या पोरांनी जुनी बुलेट उघडून बसावं, तसं. मग अपहरण, चंद्र, प्लूटो, आणखी कुठं कुठं. बरोबर पीवी नावाची पोरगी आहे, सईपेक्षा लहान आणि किपपेक्षा हुशार. सईचा व्हर्नवरचा राग तिथं निवला.

मला धरलं ते चंद्रावरच्या एका प्रसंगानं. दोघं सूट घालून चालत निघालेत. पीवीची हवा संपत आलीय. किपकडं जादा बाटली आहे. पण ऑस्करची जोडणी आट्यांची, पीवीच्या सूटची दाबून अडकवायची. बाटली बसत नाही. हवा हातात आहे आणि देता येत नाही! हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण हे दुःख माझ्या ओळखीचं आहे. एका गिऱ्हाईकाचे शंभर व्हॉल्व्ह बीएसपी आट्यांचे हवे होते आणि मशीनशॉपनं एनपीटी, म्हणजे दुसऱ्याच मापाच्या, पाडून दिले, ती गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. किप शेवटी चिकटपट्टी गुंडाळून दोन तोंडं जुळवतो आणि कशीबशी हवा पलीकडं ढकलतो.

पुस्तक आलं त्यानंतर बारा वर्षांनी, एप्रिल १९७० मध्ये, अपोलो १३ वर हेच झालं. टाकी फुटली, तिघं चंद्रावर उतरायच्या छोट्या चांद्रयानात येऊन बसले, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे संपत आले. मुख्य यानातले डबे भरपूर होते, पण ते चौकोनी आणि चांद्रयानातली जागा गोल. पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी लावून त्यांनी ते बसवले. सईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग आधी सगळ्यांचं सारखंच का नाही केलं?’ दोन यानं दोन वेगळ्या कंपन्यांनी केली होती. पोरगी म्हणाली, ‘म्हणजे तुमच्या व्हॉल्व्हसारखंच.’

या पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र लांबलाय. दुसऱ्या आकाशगंगेत माणसजातीवर खटला चालतो आणि तिथं सगळेच फार बोलतात. स्लाइड रूल, म्हणजे पट्टी सरकवून गुणाकार-भागाकार करायचं जुनं साधन, हा प्रकारही मुलांना समजावून सांगावा लागतो. आमच्याकडं वडिलांची निघाली कपाटात, पिवळी पडलेली. तिच्यावर सई आता बेरीज करायला बघते. स्लाइड रूलवर बेरीज होत नाही हे तिला पटत नाहीये.

वाचनालयातून आणलं ते जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’. कादंबरी नाही, कथा आहेत, पण कोल्हापुरात अंतराळाच्या गोष्टींबद्दल लिहायचं आणि त्यांचं नाव घ्यायचं नाही हे बरं दिसत नाही. १९ जुलै १९३८ ला त्यांचा जन्म इथलाच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे आपली आद्याक्षरं उलटी करून, नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. सईला या कथांपेक्षा ही हकिकत जास्त आवडली, आणि खरं सांगायचं तर कथा तिला दोन वर्षांनी द्यायला हव्या होत्या. त्यात भौतिकशास्त्र पक्कं आहे, पण माणसं मोठी आहेत. ती ऑफिसातून, फोनवरून, मीटिंगांतून बोलतात. नववीत परत आणीन.

म्हणजे खर्च आठशे वीस रुपये, व्हर्न, वेल्स आणि हाइनलाइन वसूल. राहिलं ते १३० रुपयांचं. विकणाऱ्याकडं परत पाठवायचं म्हणून परवा कपाटावरून काढलं, तर हाताला जाड लागलं. पान ३१ आणि ३२ च्या मध्ये वहीची तीन पानं डिंकानं चिकटवलेली. सईच्या अक्षरात बाराशे भट्ट्या, गवत घातलेली कोअर, खाली खड्ड्याचं चित्र, आणि बाजूला बाण काढून लिहिलेलं: ‘श्रिंकेज नऊशे सूत. हे लेखक विसरले आहेत. माहिती: सदामामा.’

परत करायची मुदत गेलीच आहे म्हणा. आणि आता ती ते देतही नाही.